नंबरामागचा पत्ता

डबीवरचा हिरवा दिवा एका लयीत लुकलुकत नसे. नीट पाहत राहिलं तर मधूनच एखाद्या उघडझापेला तो किंचित अडखळे आणि पुन्हा आपल्या चालीला लागे. घरात हे ताईखेरीज कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, येण्यासारखंही त्यात काही नव्हतं. पण ताईचा सगळा जन्म काटे दुरुस्त करण्यात गेला होता. सोनारांचे, औषधवाल्यांचे, कॉलेजच्या प्रयोगशाळांतले, काचेच्या पेटीत बसणारे नाजूक तराजू. सुई मधल्या रेघेवर येताना कुठे कचरते ते पाहायची तिच्या डोळ्यांना इतकी सवय, की लुकलुकणारं, झुलणारं काहीही समोर आलं की ते आधी तपासलं जाई आणि मग पाहिलं जाई.

ती डबी तिच्या फोनची. पांढरी, साबणाच्या डबीएवढी. तिची एक वायर इंटरनेटकडे जायची आणि दुसरी ताईच्या जुन्या, जड रिसीव्हरच्या फोनला. रस्त्यावरच्या जुन्या तारा काढून टाकल्या तेव्हा भाच्याने ती बसवून दिली होती.

"नंबर तोच राहील, मावशी," तो म्हणाला होता. "डबी उचल, कुठल्याही घरात नेऊन लाव. नंबर तुझ्या मागोमाग येईल."

नंबर तोच राहणं ताईला गरजेचं होतं. तिच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक काट्याच्या बुडाशी तिने एक चिठ्ठी चिकटवलेली असे, तिच्यावर हा नंबर. धाकटी बहीण म्हणायची, शहरभर तुझा नंबर पालथा पडलाय.

"एक मात्र लक्षात ठेव," भाचा म्हणाला होता. "मदतीचा नंबर फिरवलास, अ‍ॅम्ब्युलन्सचा म्हण, आगीचा म्हण, तर आपण कुठे आहोत ते ह्या डबीला कळत नाही. कंपनीकडे जो पत्ता सांगितलेला असतो तोच त्या लोकांच्या समोर येतो. उद्या घर बदललंस तर आधी कंपनीला फोन कर."

"घर कोण बदलतंय?"

"आपलं सांगून ठेवलं. तू काही विसरणाऱ्यातली नाहीस."

विसरली नव्हतीच ती. पण तिने तो फोन केला नव्हता.

धाकटीचं नाव बारकी. अंगाने चांगली भरलेली, साठी ओलांडलेली, तरी लहानपणचं नाव काही सुटलं नव्हतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला तिच्या दोन खोल्या होत्या आणि पुढच्या खोलीत ती पडदे शिवायची. घरांचे, दवाखान्यांचे, एकदा तर एका नाट्यगृहाचा. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा, म्हणजे डबी बसवून देणारा तो भाचा, नोकरीपायी परगावी. जिन्यात पाय घसरून तिचं मनगट मोडलं तेव्हा ताई कपड्यांची पिशवी, चिमट्यांची पेटी आणि ही डबी घेऊन आली. चार दिवसांसाठी, असं बेकरीवाल्याला सांगून आली. तिचं घर बेकरीच्या वर होतं.

मनगट जुळलं. तोवर बारकीच्या अंगावर एका दवाखान्याचे पडदे येऊन पडले होते, ते होईपर्यंत ताई थांबली. मग थंडी पडली. गारठ्यात बंद घर उघडून काय करायचं, म्हणून थांबली. मग थंडी गेली, आणि नवं कारण शोधायचं राहूनच गेलं. बारकीने कधी जा म्हटलं नाही. राहा असंही म्हटलं नाही. पाहुणा पहिल्या दिवशी गोड, तिसऱ्या दिवशी जड, असं त्यांची आई म्हणायची, आणि ताईला ह्या वयात कुणाला जड व्हायचं नव्हतं. लग्न केलं नव्हतं, कुणाचा हात धरून चालली नव्हती. काट्यांशीच संसार केला होता तिने. तिकडच्या घरात भिंतीत बसवलेली एक दगडी फळी होती, खालून रस्त्याने काहीही गेलं तरी न हलणारी. बारीक काटा तपासायचा तर तशीच जागा लागते. इथे बस गेली की टेबलावरची सुई थरथरायची. "मला माझ्या फळीवर काम करायचंय," असं ताई अधूनमधून म्हणे. पण उठून जात नसे. कारण बारकी इन्सुलिन घ्यायची आणि कामाच्या नादात जेवायची विसरायची, आणि तिच्यापुढे ताट आणून ठेवणारं दुसरं कुणी नव्हतं. हेही खरं, की रात्री पलीकडच्या खाटेवरून बारकीचं घोरणं ऐकू आल्याशिवाय ताईला आताशा झोप लागत नसे. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

भाच्याचा फोन आला की तो विचारायचा, "पत्ता बदललास का, मावशी?"

"बदलते."

"मी करून टाकू?"

"माझा पत्ता मी बदलीन. तू तुझं बघ."

एकदा तिने कंपनीला फोन लावलाही होता. पलीकडून "नवीन पत्ता सांगा" असं आलं आणि तिने रिसीव्हर हळूच जागेवर ठेवून दिला. पत्ता सांगायचा म्हणजे आपण कुठे राहतो ते सांगायचं, आणि ते ठरलंच नव्हतं.

त्या दुपारी बारकी मशीनवर होती. एका शाळेच्या सभागृहाचे पडदे, राखाडी, जाड, अस्तर लावलेले. कापडाचे डोंगर जमिनीवर लोळत होते. ताई खिडकीशी एका सोनाराच्या काट्याची धार, दांडी जिच्यावर तोलते ती पात्यासारखी कड, पुसत बसली होती.

"बारके, इंजेक्शन घेतलंयस. जेवून घे आता."

"एवढ्या चुण्या घालते नि उठते."

"चुण्या कुठे पळून जात नाहीत."

"तू इतक्या दिवसांत गेली नाहीस, त्या कशाला जातील?" बारकी सुईवरून मान वर न करता म्हणाली आणि स्वतःच हसली.

गंमतच होती ती. एरवी ताईने लगेच उलटा टोला दिला असता. पण त्या दिवशी ते वाक्य तिला कुठेतरी बसलं. जेवायचंही तिने दुसऱ्यांदा म्हटलं नाही. काट्याची धार पुसत राहिली. पुसून झाली होती तरी पुसत राहिली. म्हणजे मोजत होती तर ही. गंमत करायची म्हणून तरी मोजतेच आहे.

मशीनचा आवाज बदलला तो तिला आधी कानांनी कळला. सरळ धावणारं मशीन मध्येच सुसाट सुटलं, मग रेंगाळलं, मग थांबलं.

"काय ग, दोरा तुटला?"

ताईने मान वळवली. बारकीच्या कपाळावर घाम डवरला होता आणि ती समोरच्या शिवणीकडे परक्यासारखी पाहत होती. शिवण कापडाच्या कडेवरून घसरून तिरकी कुठल्या कुठे गेली होती.

"बारके?"

"हो हो, आई आली की," बारकी म्हणाली, आणि स्टुलावरून बाजूला कलली. जाता जाता तिने हाताला लागलेला पडदा ओढला, तो अर्धा तिच्या अंगावर आणि अर्धा खाली. कापडाच्या ढिगावर पडली म्हणून तिला लागलं नाही.

ताईने साखरेचं पाणी केलं. चमचा ओठांशी नेला, पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं. बारकी ठसकली आणि डोळे मिटून घेतले. तिचा मोबाइल त्या राखाडी डोंगरात कुठे होता देव जाणे. ताईचा फोन हाताशी होता. तिने मदतीचा नंबर फिरवला.

पलीकडे एक बाई होती. आवाज घाईचा नव्हता.

"बोला, काय झालंय?"

"बहीण बेशुद्ध पडली आहे. मधुमेह आहे तिला. इन्सुलिन घेतलं आणि जेवली नाही."

"श्वास चालू आहे?"

"आहे."

"तोंडात काहीही घालू नका. एका कुशीवर वळवा, मान सरळ. फोन ठेवायचा नाही. मी पत्ता वाचते, बरोबर आहे का सांगा." बाईंनी घराचा नंबर वाचला, गल्ली वाचली. "बेकरीच्या वर, दुसरा मजला. बरोबर आहे ना?"

"बरोबर," ताई म्हणाली.

तिला तो प्रश्न वाटलाच नाही. बँकेत, दवाखान्यात, कुरिअरवाल्याला, कुणीही हा पत्ता वाचून दाखवला की बरोबर म्हणायचं, हे तिच्या जिभेच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यासाठी डोकं लागत नव्हतं. आणि डोकं सगळं त्या कापडाच्या ढिगाशी होतं. तिने बारकीला कुशीवर वळवलं, दार सताड उघडून ठेवलं आणि रिसीव्हर कानाला लावून, वायर पोचेल तिथवर, बहिणीच्या उशाशी जमिनीवर बसली.

"गाडी निघाली आहे," बाई म्हणाल्या. "श्वास बघत राहा. काही बदललं तर सांगा."

ताई बघत राहिली. बारकीच्या नाकाशी पडद्याची एक सुटी दशी होती, ती श्वासाबरोबर हलत होती. आत, बाहेर. जन्मभर ताईने असंच काहीतरी हलकं हलताना पाहिलं होतं, पण ते थांबायची वाट पाहत. थांबलं की वजन कळतं. आज पहिल्यांदाच तिला वाटत होतं की ही दशी थांबू नये.

"जेवून घे म्हटलं होतं ना तुला," ती पुटपुटली. "एकदाच म्हटलं. दोनदा म्हणायला काय धाड भरली होती मला?"

"काय म्हणालात?" बाईंनी विचारलं.

"तुम्हाला नाही. बहिणीला."

"बोला, बोला. बोलत राहा तिच्याशी."

मग बाई म्हणाल्या, "आमची माणसं पोचली आहेत. दार उघडा."

"उघडंच आहे."

थोडा वेळ पलीकडे दुसऱ्याच कुणाचे तरी आवाज आले. "ते म्हणतात, दाराला कुलूप आहे."

"कुलूप कसं असेल? मी दारासमोर बसले आहे. मला जिना दिसतोय. जिन्यात कुणी नाही."

"हिरवं दार, मोठं पितळी कुलूप. ते तोडायचं म्हणतायत."

ताईला ते कुलूप दिसलं. तिनेच तेल घालून लावलेलं, दोनदा ओढून पाहिलेलं.

"ताई," बाईंचा आवाज आता थोडा बदलला होता, "खालचे बेकरीवाले वर आलेत. ते म्हणतायत, त्या आता इथे राहत नाहीत, बहिणीकडे राहतात. तुम्ही आत्ता कुठे आहात?"

"बहिणीकडे," ताई म्हणाली. "बहिणीकडे आहे. पत्ता चुकला माझा. इकडचा लिहून घ्या."

आणि मग तिच्या लक्षात आलं की तिला इकडचा पत्ता येत नाही. गल्लीचं नाव येत होतं. वळणं येत होती, कोपऱ्यावरची चपलांची टपरी, मोडका फाटकाचा खांब, सगळं येत होतं. घराचा नंबर येत नव्हता. ह्या घरात ती भाजी निवडत होती, बिलं भरायला जात होती, रात्री दाराची कडी लावत होती, पण तिला कुणी हा पत्ता विचारला नव्हता आणि तिने तो स्वतःहून पाठ केला नव्हता. तिने रिसीव्हर जमिनीवर ठेवला, कोपऱ्यातल्या कापडाच्या पार्सलवर झेप घेतली आणि त्यावर चिकटवलेला पत्त्याचा कागद टरकावून आणला.

तिने तो वाचून दाखवला. बाईंनी सगळं परत म्हणून दाखवलं. ह्या वेळी ताईने शब्द न् शब्द कागदावर बोट ठेवून ऐकला आणि मग बरोबर म्हटलं.

"तुमच्या जवळच्या केंद्रातून दुसरी गाडी सोडली आहे. घाबरू नका. श्वास?"

"चालू आहे."

"छान. मी आहे फोनवर."

माणसं आली ती धावतच वर आली. एकाने बोटाला टोचून पाहिलं, दुसऱ्याने दंडात सुई दिली, आणि काही वेळाने बारकीने एक डोळा उघडून, तोंडावर वाकलेल्या त्या परक्या दाढीवाल्या माणसाला विचारलं, "पडदे न्यायला आलात? अजून व्हायचेत."

तेव्हा कुठे ताईला रडू आलं.

दवाखान्यात बारकीला एक रात्र ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. वेळ किती वाया गेला होता ते ताईला ठाऊक होतं, आणि कुणाच्या एका शब्दापायी गेला तेही.

दुसऱ्या दिवशी बारकी घरी आली. भाच्याशी फोनवर बोलून झालं. उद्या येतो म्हणाला, आणि मावशीला रागावला मात्र नाही. त्याने तो विषयच काढला नाही, त्याचं ताईला जास्त लागलं. बारकी खाटेवर उशीला टेकून बसली होती. ताईने ताट आणलं आणि ती जेवून संपवेपर्यंत समोरून हलली नाही.

"पहारा कशाला देतेस? पोलीस आहेस का?"

"गप जेव."

"म्हणजे माझ्यासाठी बोलावलेली गाडी तुझ्या घरी गेली," बारकी घास चावत म्हणाली. "बेकरीवाल्याने त्यांना निदान चहा तरी पाजला का?"

"हसू नकोस. मी बरोबर म्हटलं. त्या बाईने विचारलं होतं, पत्ता बरोबर आहे ना, आणि मी म्हटलं बरोबर. तुझा जीव इथे टांगणीला लागलेला आणि मी..."

"ताई."

"जेवायलाही दुसऱ्यांदा म्हटलं नाही मी. तू ते बोललीस ना, इतक्या दिवसांत गेली नाहीस म्हणून. ते धरून बसले."

बारकीने ताट बाजूला ठेवलं. थोडा वेळ पांघरुणाची कड सारखी करत राहिली. शिवणारणीचा हात, रिकामा राहत नव्हता.

"वेडी आहेस का ग तू? मी ते का बोलले माहीत आहे? तुला डिवचून पाहायला. जाणार की राहणार ते तू एकदाचं तोंडाने बोलशील म्हणून. सरळ विचारायची मला भीती वाटायची."

"कसली भीती?"

"जाते म्हणालीस तर?" बारकी म्हणाली. "आणि राहते म्हणालीस तरी भीतीच होती. तुझी ती फळी, तुझी गिऱ्हाइकं, तुझं घर. आयुष्यभर कुणाचं ओझं घेतलं नाहीस आणि म्हातारपणी बहिणीची शुगर सांभाळत बसायचं. म्हणून म्हटलं, आपण विचारूच नये. चाललंय तसं चालू दे."

"मला वाटत होतं, तू मला सोसतेयस."

"मी? तुला?" बारकी हसायला लागली, हसता हसता तिला ठसका लागला, ताईने पाणी दिलं. "तू घरात नसलीस ना की मी जेवणाचं ताट मशीनवर ठेवते आणि ते तिथेच वाळतं. सोसतेय म्हणे."

खालून बस गेली. खिडकीशी ठेवलेल्या सोनाराच्या काट्याची काच बारीक वाजली. ताईने तिकडे पाहिलं नाही.

"काल जे झालं त्याचं मनाला लावून घेऊन राहू नकोस हं," बारकी आता हळू आवाजात म्हणाली. "पापाचं प्रायश्चित्त म्हणून कुणी घरात राहिलेलं मला नको. मुलगा येतोय, तो बघेल काय ते. माणूस ठेवू एखादं. तुला जायचं तर खुशाल जा. मी रुसणार नाही."

"रुसशील."

"रुसेन, पण तुला कळू देणार नाही."

ताई उठली. फोनजवळ गेली, स्टूल ओढून बसली आणि कंपनीचा नंबर लावला. बराच वेळ नुसतं संगीत वाजलं. बारकी खाटेवरून पाहत होती.

शेवटी पलीकडून एक तरुण मुलगा बोलला. "नमस्कार, काय मदत करू?"

"माझ्या नंबरामागे जो पत्ता आहे तो बदलायचा आहे. मदतीचा नंबर फिरवला की जो दिसतो तो."

"हो, मॅडम. नवीन पत्ता सांगा."

ताईने सांगितला. घराचा नंबर, गल्ली, मजला. न अडखळता, कुठलाही कागद समोर न धरता. रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून तिने तो पाढ्यासारखा घोकला होता.

मुलाने तो परत वाचला. ताईने पूर्ण ऐकून घेतला.

"बरोबर."

"एक विचारायचं होतं, मॅडम. हा पत्ता तात्पुरता लावायचा की कायमचा? तात्पुरता असेल तर जुना तसाच राखून ठेवता येतो. परत गेलात की एका फोनवर पूर्ववत होईल."

ताईने रिसीव्हरवर हात ठेवला नाही, त्यामुळे प्रश्न खाटेपर्यंत पोचला होता. बारकी पांघरुणाकडे पाहत म्हणाली, "तात्पुरता सांग, ताई. राखून ठेवायला काय जातंय? बांधून घेऊ नकोस स्वतःला."

"मॅडम?" मुलगा म्हणाला. "ऐकू येतंय ना?"

ताईने वळून बहिणीकडे पाहिलं. बारकीचे हात पांघरुणावर पहिल्यांदाच स्वस्थ पडले होते.

"येतंय," ती म्हणाली. "कायमचा लावा. मी आता इथेच राहते."